तळहातावरचं इसब

ते दोन हजार एकोणीस साल होतं. उन्हाळा असा, की जुळे सोलापुरातल्या गच्च्यांवरच्या टाक्यांतलं पाणी दुपारी हाताला चटका द्यायचं. त्या सालात घरात तसं काही घडलं नाही. कुणी गेलं नाही, कुणाचं लग्न निघालं नाही, मुलाची, नंदीशची, बँकेतली बदलीसुद्धा त्या वर्षी टळली. पुढं कुणी ते साल आठवायला बसलं, तर नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं एवढंच त्याला आठवेल. दाक्षायणीला मात्र ते साल एका वाक्यानं ओळखू येतं. सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता, अगदी सहज एक वाक्य बोलून गेल्या. पंखा फिरत होता, बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, आणि पासष्ट वर्षांची दाक्षायणी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या जागी अशी झाली, की जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी.

दाखवायला आणलं होतं नातीला. ईश्वरी तीन वर्षांची. तिच्या कोपरांच्या खळग्यांत आणि गुडघ्यांच्या मागं कातडी लाल, खरबरीत झाली होती. खाजवून खाजवून कुठं कुठं रक्त फुटलेलं. पाळणाघराच्या बाईंनी सांगितलं होतं, बरं होईपर्यंत आणू नका, बाकीच्या आया बोलतात. सून काव्या मूळची अकलूजची, इथं विम्याच्या कचेरीत नोकरीला. रजा काढून ती आली होती आणि येताना एक पिशवी भरून बाटल्या-डब्या घेऊन आली होती.

"मॅडम, मी केमिकलचं काहीच वापरत नाही," ती एकेक वस्तू टेबलावर मांडत म्हणाली. "सगळं नैसर्गिक. ही कोरफड. ही मुलतानी माती. हा कडुनिंबाचा साबण. हे डाळीच्या पिठाचं उटणं. शिवाय एकदा लिंबू लावून बघितलं."

"लिंबूसुद्धा?"

"मोबाइलवर बघितलं होतं."

"मग आता तिखट-मीठ तेवढं राहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोणचं तयार होईल पोरीचं."

काव्या ओशाळून हसली. बाईंनी पोरीचा हात उलटासुलटा करून बघितला. इसब आहे, म्हणाल्या. घाबरायचं कारण नाही, पण एका दिवसात जाणारंही नाही. कातडी कोरडी आहे, ती ओलसर राखायची, एवढंच काम. कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, साबण नावाला, उटणं-बिटणं बंद. अंग टिपायचं, पुसायचं नाही. आणि पुरतं वाळायच्या आत खोबरेल चोळायचं, रोज, न चुकता, दुपारी पुन्हा एकदा. नखं कापलेली, कपडे सुती. फारच लाल झालं तर ही ट्यूब, तीही सांगितली तेवढीच. मग काव्यानं विचारलं, पाळणाघराचं काय करू, बाकीच्या पोरांना झालं तर? तेव्हा ते वाक्य आलं.

"छे हो, हे लागत नाही. हात लावून एकाचं दुसऱ्याला कधीच होत नाही."

दाक्षायणीच्या हातांनी पदराखाली एकमेकांना धरलं. बाई पुढं विचारत होत्या, घरात कुणाला इसब, दमा, सारख्या शिंका? काव्या म्हणाली, आमच्याकडं कुणालाच नाही. ती खोटं बोलत नव्हती. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिनं सासूचे तळहात कधी उलटे करून बघितले नव्हते; कामानं भेगाळलेत असंच तिला वाटायचं आणि तसंच वाटू दिलं होतं.

"मला आहे," दाक्षायणी म्हणाली.

बाईंनी टेबलावरून हात पुढं केला. दाक्षायणीला काय करायचं ते क्षणभर कळेना. मग तिनं आपले दोन्ही तळवे पुढं ठेवले, आणि त्या बाईंनी ते उचलून, उघड्या हातांनी धरून उजेडाकडं वळवले. अंगठ्याच्या मुळाशी जाड झालेली कातडी त्यांनी बोटानं दाबून बघितली. त्यांच्या हाताला तपासणीच्या स्पिरिटचा गारवा होता. "किती वर्षांचं आहे?" लहानपणी गुडघ्यामागं होतं, दाक्षायणी म्हणाली, मग गेलं, लग्नानंतर हातावर आलं. "म्हणजे हे आजीकडूनच आलंय की!" बाई ईश्वरीकडं बघून हसल्या. "रक्तातून येतं ना हे. कधी मधली पिढी सोडून येतं." पोरीला त्यांनी एक गोळी दिली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

रिक्षा विजापूर रस्त्याला लागली तेव्हा काव्या फोनवर कचेरीतल्या कुणाला तरी सांगत होती, की उद्या येते. ईश्वरी मांडीवर झोपली होती, काव्याच्या. दाक्षायणी बाजूला अंग चोरून बसली होती, जशी ती नेहमीच बसायची. पोरीचा पाय रिक्षाच्या धक्क्यांनी सरकत सरकत तिच्या गुडघ्याला लागत होता. दाक्षायणी लग्न होऊन भवानी पेठेत आली तेव्हा सुताच्या दुकानावरच्या माडीवर घर होतं. खाली नवरा शिवलिंगप्पा बंडलं मोजायचा, वर सासूचं राज्य. चन्नम्मा. उंच, काळीसावळी, कपाळभर विभूती, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी आणि दोन्हीत धारदार. पेठेतल्या इतर जातींच्या बायकांना ती छाती पुढं काढून सांगायची, "आमच्यात इटाळ न्हाई बरं का! बाई बाजूला बसत न्हाई, मेल्याचं सुतक न्हाई. लिंग अंगावर हाय, मग इटाळ कुटला?" आणि ते खरंच होतं. दाक्षायणीच्या मैत्रिणी लग्न होऊन गेल्या त्या घरांत चार दिवस कोपऱ्यात बसत. तिला चन्नम्मानं एक दिवस बसवलं नाही. त्याच घरात लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात परातीत पीठ मळताना तिच्या तळहातांवर बारीक पाण्याचे फोड उठले, फुटले, भेगा पडल्या, आणि भेगांत ज्वारीचं पीठ बसलं. चन्नम्मानं हात ओढून बघितला. काय हे? दाक्षायणी गावाकडची, अक्कलकोटाकडची, साधी. खरं बोलून गेली, की लहानपणी गुडघ्यामागं होतं, आईनं कोमट पाणी आणि तेल लावून लावून घालवलं. ते 'लहानपणी होतं' सासूच्या काळजात जाऊन बसलं. लग्नात लपवलं म्हणजे मोठंच काहीतरी असणार. खालच्या गल्लीतल्या कुणी तरी गजकर्ण म्हणालं, कुणी खरूज म्हणालं. दोन्ही हातोहात पसरणारी. चन्नम्मानं परात आपल्याकडं ओढली आणि म्हणाली, "मुट्टब्याड." हात लावू नकोस.

पुढं तो शब्द घरातल्या एकेका वस्तूला चिकटत गेला. पिठाचा डबा, मुट्टब्याड. ताकाचं गाडगं, मुट्टब्याड. वाळत घातलेले दुसऱ्यांचे कपडे. आणि याला विटाळ म्हणायची सोय नव्हती, कारण या घरात विटाळ नव्हता. विटाळ असता तर त्याला चार दिवसांची मुदत असती, डोक्यावरून पाणी घेऊन तो फिटला असता. ही काळजी होती, आणि काळजी कशी फिटायची? चन्नम्मा दुष्ट बाई नव्हती, हेच अवघड होतं. भाकरी थापू द्यायची नाही, पण ताटात तुपाची धार जास्त सोडायची. "हात दुकत्यात का ग?" म्हणून लांबून विचारायची. फक्त एका गोष्टीपुढं तिचं काही चालायचं नाही. रोज सकाळी आंघोळीनंतर दाक्षायणी भिंतीकडं तोंड करून बसायची, गळ्यातलं लिंग काढायची आणि डाव्या तळहातावर ठेवायची. त्याच भेगाळलेल्या, सुजलेल्या तळहातावर. पाणी घालायची, विभूती लावायची, वर बेलाचं पान. पाणी भेगांत झोंबायचं, विभूतीनं कातडी आणखी कोरडी पडायची, आणि ती हलायची नाही. देव त्या हातावर बसत होता. बाकी कुणी बसत नव्हतं.

मग नंदीश झाला. बाळंतिणीच्या खाटेवरच चन्नम्मानं सांगून टाकलं, कूसु मुट्टब्याड, बाळाला हात लावू नकोस. पाजायला तेवढं घ्यायचं. त्यासाठी शिवलिंगप्पा दुकानातून मऊ, चार वेळा धुतलेलं सुती कापड आणायचा. ते दोन्ही हातांना मनगटापर्यंत गुंडाळून ती बसली, की मोठी जाऊ कमलम्मा पोराला आणून तिच्या मांडीवर ठेवायची. कमलम्माला मूल नव्हतं आणि नवरा लवकर गेलेला. पोर पिऊन झालं की कमलम्मा उचलून न्यायची. त्याला तेल लावणं, पायांवर घेऊन आंघोळ घालणं, धुरी देणं, पावडर, काजळ, टाळू भरणं, सगळं तिच्याकडं. दाक्षायणी न्हाणीच्या दारात टॉवेल घेऊन उभी राहायची आणि तो कोपऱ्याला धरून पुढं करायची. आपल्या पोराच्या अंगाला कसा स्पर्श आहे हे तिला कापडातून माहीत होतं. ऊब कळायची, वजन कळायचं. कातडी कळायची नाही. आणि तिला ते पटलेलं होतं, ही गोष्ट आता रिक्षात बसून तिला सगळ्यात जास्त झोंबत होती. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. पोराला आपलं लागू नये म्हणून ती सासूपेक्षा जास्त जपायची. घरात कुणी नसताना, पोर पाळण्यात हातपाय नाचवत असताना, ती पाळण्याची दोरी ओढायची आणि आपले हात मांडीखाली दाबून ठेवायची. नंदीश चालायला लागला, पळायला लागला. एकदा जिन्यावरून पडून, गुडघा फोडून, दोन्ही हात पसरून तो रडत पळत आला तो थेट तिच्याकडं. कापड गुंडाळलेलं नव्हतं. तिनं हात पाठीमागं नेले. पोर तिच्यासमोर थांबलं. रडणं मध्येच थांबवून त्यानं तिच्या खांद्यांकडं बघितलं, हात कुठं गेले ते शोधल्यासारखं. मग ते वळलं आणि स्वयंपाकघरात कमलम्माकडं गेलं. त्यानंतर ते कधी पळत आलं नाही. कानडीत मोठ्या आईला दोड्डव्वा म्हणतात. नंदीश बोलायला लागल्यावर काही दिवसांत त्यातलं 'दोड्ड' गळून नुसतं अव्वा, म्हणजे आई, राहिलं. दाक्षायणीला तो आई म्हणायचा, मराठी शाळेतल्या पुस्तकात असतं तसं.

चन्नम्मा गेली तेव्हा पोर मिसरूड फुटायच्या बेताला आलं होतं. त्या वयाच्या मुलाला हात लावायला आई निमित्त शोधते. तिला निमित्तही सुचेना आणि हातांनाही सवय नव्हती. शिवलिंगप्पा एकदा म्हणाला होता, "दवाखान्यात दाखवू या का तुझे हात? एक नवीन डॉक्टर आलाय." ती म्हणाली, "आता काय करायचंय?" तोही पुन्हा म्हणाला नाही. दुसऱ्यांदा म्हणायचा स्वभाव त्याचा नव्हता. आणि आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, हातानं ते कधी कुणाला झालंच नसतं. जे जायचं ते रक्तातून आपल्या वाटेनं गेलं, तिनं हात आवळून धरले तरी गेलं, न विचारता नातीच्या कोपरात जाऊन बसलं. सगळी राखण भलत्याच दाराशी झाली.

"आई, उतरताय ना?" काव्या म्हणाली. रिक्षा सोसायटीच्या फाटकाशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना काव्या दारात घुटमळली. आंघोळ मी घातलीय, तेल दुपारी कोण लावणार, आई, तुम्हाला जमेल का? जमेल, दाक्षायणी म्हणाली. दुपारी तिनं पोरीला ओल्या पंच्यानं टिपून पाटावर बसवलं, वाटीत खोबरेल घेतलं, आणि बराच वेळ नुसती वाटी धरून बसली. इसबाचं म्हणाल तर तिला सगळं ठाऊक होतं, कुणी न शिकवता. कढत पाण्यानं खाज घटकाभर शमते आणि मग दुप्पट उसळते. कडुनिंबाचा पाला भेगांवर आग करतो. खाजवायची ऊर्मी आली की खाजवायचं नाही, ओल्या माठाला तळहात लावून श्वास रोखून बसायचं, ती जाते. करंजाचं तेल, गोमूत्र, विड्याच्या पानाचा रस, कुणी कुणी सांगितलेलं सगळं तिनं घर निजलेल्या दुपारी करून बघितलं होतं आणि शेवटी आईच्या कोमट पाण्यावर अन् तेलावर परत आली होती. एवढं सगळं माहीत, पण लहान पोराचा हात हातात घ्यायचा कसा, किती जोरानं धरायचा, हे ठाऊक नव्हतं. तिनं दोन बोटांनी कोपराच्या खळग्यात तेल टेकवलं.

"अज्जी, तुझा हात खरखर करतो," ईश्वरी म्हणाली.

"मग नको लावू?"

"लाव ना. खाजवल्यासारखं होतं."

दाक्षायणीला हसू फुटलं आणि हसता हसता तिनं पुरा तळवा टेकवला. कातडी एवढी गरम असते? आणि तिच्या खाली एवढं काही हलत असतं? दंडापासून मनगटापर्यंत ती तेल जिरवत गेली. पोरगी गुदगुल्या होऊन वाकडी व्हायला लागली. "आता पोटाला! आता अज्जीच्या पोटाला मी लावते!" तिनं वाटीत हात घालून दाक्षायणीच्या लुगड्याला तेलाचे पंजे उठवले. ते डाग पुढं गेले नाहीत. पंधरवड्यात कोपरांची लाली उतरली, पोरगी सलग झोपायला लागली, आणि काव्या शेजारणींना सांगत सुटली की आमच्या आईंच्या हाताला गुण आहे.

नंदीशला हे कळलं ते उशिरा. तो सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा. पहिल्याच आठवड्यात, जेवताना, तो काव्याला म्हणाला होता, "आईला कशाला त्रास देतेस? तिला लहान मुलांचं कधी जमलं नाही. त्यापेक्षा अव्वाला महिनाभर इकडं आणतो." आई समोर भात वाढत होती. तो वाईट बोलला नव्हता. एखाद्याला गोड आवडत नाही, एखाद्याला गाडी लागते, तसं त्यानं सांगितलं. काव्या म्हणाली, "तुम्ही बघा तरी एकदा. किती छान लावतात." मग एका सुटीच्या दुपारी तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पाटावर पोरगी, तिच्या पाठीवर आईचे दोन्ही हात. तो बराच वेळ बघत राहिला. त्याच्या कपाळावर एक आठी पडली, रागाची नव्हे, एखादं गणित पूर्वी सोडवलेलं असावं आणि उत्तर निराळं यावं तशी.

"आई, तू?" तो म्हणाला.

तेव्हाच ते सगळं तिच्या तोंडाशी आलं. नंदू, मला जमत नव्हतं असं नव्हतं रे. तुला माझं लागेल असं वाटत होतं. तुझ्यासाठीच हात मागं घेतले होते. एवढी तीन वाक्यं. ती ऐकली असती तर त्याच्या मनातली थंड, कोरडी आई उठून गेली असती आणि तिच्या जागी कोणी दुसरी बसली असती. तिला तेच हवं होतं, त्या उन्हाळ्यात तिला दुसरं काहीच नको होतं. पण त्या वाक्यांच्या मागोमाग प्रश्न येणार होता, की मग अव्वानं का नाही कुणाला विचारलं? म्हणून ती एवढंच म्हणाली, "हो, मीच. तेलाची बाटली दे तेवढी इकडं." आणि मनाशी ठरवलं, आधी अक्कांशी, कमलम्माशी, बोलायचं, मग त्याला सांगायचं.

कमलम्मा भवानी पेठेतच राहिली होती, त्याच माडीवर. शिवलिंगप्पा गेल्यावर खालचं दुकान भाड्यानं दिलेलं. नंदीश रविवार चुकवायचा नाही. त्या रविवारी दाक्षायणी त्याच्याबरोबर गेली. मोतीबिंदूनं कमलम्माच्या डोळ्यांवर साय आली होती, पण पावलांवरून ओळखायची. "आला व्हय नंदू? अन् ही कोण? दाक्षू? आज सूर्य कुटं उगवला म्हनायचा!" नंदीश खाली बसला, तिचे पाय मांडीवर घेतले आणि नखं काढायला लागला. मग वाटीत तेल कोमट करून आणलं आणि तिच्या गुडघ्यांना चोळू लागला. अंगठ्यानं गुडघ्याच्या वाटीच्या कडेनं गोल, मग तळव्यानं खाली पोटरीकडं. दाक्षायणी खिडकीशी बसून बघत होती. न्हाणीच्या दारातून, टॉवेल धरून, तिनं हाच हात बघितला होता, असाच गोल, असाच खाली. तो कमलम्माचा हात होता. पोरानं तो घेतला होता.

"शेंगाची चटणी संपलीया बघ," कमलम्मा म्हणाली. "खालनं आण. अन् त्या दुकानदाराला म्हनावं, मागल्या खेपेला तिखट घालायचं इसरला हुतास का?"

नंदीश हसत खाली गेला. जिन्यावरची पावलं थांबल्यावर दाक्षायणी म्हणाली, "अक्का, ईश्वरीला इसब झालंय."

"व्हय, नंदू बोलला की."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे लागत नाही. हात लावून कुणाला होत नाही."

कमलम्मा आपल्या तेलकट गुडघ्यावरून हात फिरवत होती. तो हात थांबला. "कुनालाच न्हाई?"

"कुणालाच. कधीच."

खाली रस्त्यावर कुणी तरी हातगाडी ढकलत गेलं. तिची चाकं लांबपर्यंत ऐकू आली.

"आत्ती तर म्हनायच्या..."

"हो, सासूबाई तसंच म्हणायच्या."

"मग तू इचारलं का न्हाईस ग कुनाला?" कमलम्मा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला, भांडणाला उठल्यासारखा. "भाऊजी तुला दवाखान्यात न्यायला तयार हुते. तोंड न्हवतं का तुला? पोर तुझं हुतं!"

"तुम्ही तरी का नाही विचारलंत?"

"मी?" साय आलेले डोळे दाक्षायणीच्या आवाजाकडं वळले. "मी कशाला इचारू? दोन टायमाला ते पोर माझ्या मांडीवर येत हुतं. न्हाई लागत असं कुनी सांगितलं असतं, तर गेलं असतं की." तिनं गुडघ्यांवर लुगडं ओढून घेतलं. "मला काय ठावं न्हवतं हां, दाक्षू. लिंगावर हात ठिवून सांगते. पर ठावं करून घ्यावं असंबी कधी वाटलं न्हाई."

दाक्षायणीला राग यायला हवा होता. ती वाट बघत बसली, पण राग आला नाही. कमलम्मानं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "त्याला सांगनार हाईस?" जिन्यावर पावलं वाजायला लागली होती. नंदीश पुडा घेऊन आत आला. दोघींकडं बघून म्हणाला, "काय चाललंय? एवढ्या गप्प?" कमलम्मा मान खाली घालून बसली होती. दाक्षायणीला तिची मान दिसत होती, पातळ, सुरकुतलेली, लिंग बांधलेली शिवदाराची दोरी तिच्यात रुतलेली.

"काही नाही रे," दाक्षायणी म्हणाली. "तुझ्या लहानपणीचं. आंघोळीला किती रडायचास ते."

"ते तुला काय आठवणार?" नंदीश हसला. "अव्वाला विचार."

पुढच्या रविवारी सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. काही दिवस ते जिभेवर असायचं, मग जिभेखाली गेलं. सांगायचं म्हणजे त्याला आपलं सगळं लहानपण उसवून पुन्हा शिवायला लावायचं, आणि त्या म्हातारीच्या पायांवरचा त्याचा हात मध्येच थांबवायचा. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. आपल्याकडं तरी काय आहे, असं दाक्षायणी स्वतःला विचारायची आणि दुपार झाली की तेलाची वाटी घेऊन बसायची.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ईश्वरी शाळेत जाते. पुष्कळ मुलांचं जातं तसं तिचं इसब हळूहळू गेलं. थंडीत एका कोपरावर थोडं उठतं, तेव्हा ती स्वतःच आंघोळीनंतर तेल लावते आणि आजीला हात लावू देत नाही, मोठी झाली म्हणून. काव्याला बढती मिळाली. त्या बाटल्या-डब्यांची पिशवी तिनं केव्हाच टाकून दिली, पण लिंबाची गोष्ट अजून रंगवून सांगते. डॉक्टरीणबाई मुलाकडं हैदराबादला गेल्या. आपण बोललेलं वाक्य त्यांना आठवतही नसेल. नंदीशची बदली शेवटी झाली, पंढरपूर रस्त्याच्या एका शाखेत. रोज जाऊन येऊन करतो, पाठ दुखते म्हणतो. दाक्षायणीचे हात होते तसेच आहेत. त्यांना आता काही होत नाही आणि काही जातही नाही.

कमलम्मा गेली ती श्रावणातल्या एका सकाळी, झोपेतच. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. तिला आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं, गळ्यात शेवंतीचे हार. माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भजनवाले आले होते, पेठेतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. नंदीश अगदी पुढं, तिच्या गुडघ्यांपाशी बसला होता. तो आवाज न करता रडत होता. पाठीवरचा शर्ट आत-बाहेर होत होता. दाक्षायणी बायकांमधून उठली. वाट काढत, कुणाचा पदर, कुणाचा पाय चुकवत ती त्याच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि वाकून तिनं आपला उजवा तळहात त्याच्या पाठीवर ठेवला. शर्ट घामानं ओला होता. त्याखाली त्याचं अंग किती गरम होतं. नंदीशनं मान वळवली. आई आहे हे बघितलं. तिला अव्वाला नमस्कार करायला पुढं जायचं असणार, असं वाटून त्यानं गुडघे जवळ घेतले आणि तिला वाट करून द्यायला तो बाजूला सरकला.